पलटणीचं टाकाऊ, डोंगरात टिकाऊ?

सैन्य कपडे टाकून देतं ते फाटले म्हणून, असं क्वचितच घडतं. युद्ध संपतं, सक्तीची भरती थांबते, कापडावरच्या छपाईचा नमुना बदलतो, कधी अख्खं सैन्यच बरखास्त होतं; आणि मग घडीही न मोडलेले कोट वजनावर विकायला निघतात. ऑक्टोबर १९९० मध्ये पूर्व जर्मनीचं सैन्य संपलं, तेव्हा करड्या कापडावर पावसाच्या सरींसारख्या तपकिरी रेघा असलेले त्याचे गणवेश ढिगांनी युरोपच्या बाजारात आले. अमेरिकेने २००५ मध्ये आणलेला करडा-हिरवा डिजिटल नमुना जंगलातही उठून दिसायचा आणि डोंगरातही. ३० सप्टेंबर २०१९ नंतर अमेरिकी लष्करात तो घालायची सोय राहिली नाही, आणि कोऱ्या शर्ट-पँटी कवडीमोल झाल्या. कापडाचा दोष काहीच नव्हता.

हा माल घेणारे दोन प्रकारचे. संग्राहकाला साल हवं असतं, शिक्का हवा असतो, मूळ बटणं हवी असतात. डोंगरात जाणाऱ्याला ऊब हवी, काट्यापासून बचाव हवा, आणि खिशाला परवडेल असा भाव हवा. दुसऱ्या वर्गातली माणसं पहिल्यांकडे जरा हसूनच बघतात. माझं मत उलटं आहे: डोंगरात जाणाऱ्यालाच सालाची गरज जास्त, कारण कपड्याचा गुण कापडाच्या विणीत आहे की कापडाला लावलेल्या लेपात, हे सालावरून कळतं. विणीतला गुण पन्नास वर्षांनीही जागेवर असतो. लेपातला गुण कपाटात नुसता पडून मरतो, आणि बाहेरून पाहून ते लक्षातही येत नाही.

युद्धाचा उरलेला माल विकणं हा धंदा म्हणून उभा राहिला तो अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमनने लिलावात एवढं लष्करी सामान घेतलं की दारूगोळा शहरात ठेवणं धोक्याचं ठरलं, आणि १९०० मध्ये त्याने त्यासाठी हडसन नदीतलं एक बेटच विकत घेतलं. पण सामान्य माणसाच्या अंगावर हा माल चढला तो १९४५ नंतर. अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनसाठी बनवलेले नायलॉनचे दोर, झोपायच्या पिशव्या, वाराबंद अंगरखे स्वस्तात मिळू लागले आणि गिर्यारोहकांच्या एका पिढीचं भागलं. इंग्लंडमध्ये नौदलाचे जाड लोकरीचे डफल कोट उरले होते. जनरल माँटगोमेरी तोच कोट घालत, त्यामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा. हॅरोल्ड आणि फ्रीडा मॉरिस या दांपत्याने तो साठा उचलला आणि विकला. साठा संपत आल्यावर १९५१ मध्ये ग्लोव्हरॉल ही कंपनी काढून तसेच कोट स्वतः शिवायला घेतले. म्हणजे उरलेल्या मालाने आधी गिऱ्हाईक तयार केलं, कारखाना नंतर आला. कोरियातल्या थंडीसाठी अमेरिकेने बनवलेला, मागे माशाच्या शेपटीसारखा दुभागलेला एम-५१ पारका पुढे लंडनच्या स्कूटरवाल्या पोरांनी आपल्या इस्त्रीच्या सुटावर चढवला, तो सूट तेलाने आणि चिखलाने खराब होऊ नये म्हणून. आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आपले एम-६५ जर्किन घालूनच युद्धाविरुद्ध मोर्चे काढले. फॅशनने या कपड्यांचं पुढे जे केलं तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि मला त्यात फारसा रस नाही.

आता ओळखीकडे. अमेरिकी कपड्याची ओळख सगळ्यात सोपी, कारण अमेरिकी खरेदीखात्याला सगळं लिहून ठेवायची सवय. कॉलरच्या आत किंवा खिशाच्या आत एक लेबल असतं. त्यावर कपड्याचं नाव, माप, कापडाच्या मानकाचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि कंत्राटाचा क्रमांक. साल शोधायचं ते या शेवटच्या क्रमांकात. ‘डीएसए १००’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सीचं कंत्राट, या नावाची संस्था १९६२ ते १९७७ एवढीच होती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या क्रमांकात दोन आकडी सालही येतं: डीएसए १००, मग ६८, मग सी, मग पुढचे आकडे. यातले ६८ म्हणजे १९६८ हे आर्थिक वर्ष. १९७७ मध्ये संस्थेचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं आणि लेबलावर ‘डीएलए’ आलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ‘एसपीओ १००’ दिसतं. एक सावधगिरी हवी: हे साल कंत्राटाचं आहे, शिवणीचं नव्हे, आणि अमेरिकी आर्थिक वर्ष १९७६ पर्यंत जुलैत सुरू होई, नंतर ऑक्टोबरात. त्यामुळे ६८ लिहिलेलं जर्किन १९६७ च्या शेवटी शिवलेलं असू शकतं, १९६९ मध्येही. विक्रेता ‘पक्कं १९६८ चं’ म्हणून दोनशे रुपये वाढवत असेल तर मनात हसावं.

लेबल धुऊन धुऊन पुसट झालं आणि कंत्राट वाचता येईना, तर साठा-क्रमांकाचे आकडे मोजावेत. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला भिंगही लागत नाही. अमेरिकेचा जुना संघीय साठा-क्रमांक अकरा आकडी होता. ३० सप्टेंबर १९७४ पासून तो तेरा आकडी झाला. मधे दोन आकड्यांचा देश-संकेत घुसवला गेला. अकरा आकडे म्हणजे १९७४ च्या आधीचं लेबल, तेरा म्हणजे नंतरचं. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात: ८४१५ म्हणजे खास कामाचे कपडे, ८४०५ म्हणजे पुरुषांचे बाहेरचे कपडे, ८४३० म्हणजे पादत्राणं, ८४६५ म्हणजे सैनिकाने अंगावर वागवायचं सामान (पाठपिशव्या, झोपायच्या पिशव्या यातच), आणि ८३४० म्हणजे तंबू व ताडपत्र्या. मधले दोन आकडे देश सांगतात. ०० आणि ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, १५ इटली, २१ कॅनडा, ९९ ब्रिटन. हा संकेत नाटो देशांनी समान धरला आहे, त्यामुळे एकदा पाठ झाला की जुन्या बाजारातल्या ढिगातून अर्धा युरोप वेगळा काढता येतो.

ब्रिटिश मालावर शोधायचा तो बाण. वर टोक केलेला, तीन रेघांचा, पाखराच्या पावलासारखा शिक्का ही तिथल्या सरकारी मालमत्तेची शेकडो वर्षांची खूण. वसाहतींनी त्यात आपापली अक्षरं घातली: कॅनडाचा बाण ‘सी’च्या पोटात, ऑस्ट्रेलियाचा दोन ‘डी’च्या मधे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदुस्थानी मालावर बाणासोबत ‘आय’. हा शेवटचा शिक्का आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत, पाण्याच्या बाटल्यांवर, कॅनव्हासच्या झोळ्यांवर अजून सापडतो. कापडावर कमी, कारण कापड वापरून संपलं. नंतरच्या ब्रिटिश कपड्यांवर मापाचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १८०/९६. पहिला उंचीचा, दुसरा छातीचा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. आपल्या सरासरी बांध्याला १७०/९६ सहसा चालतं, पण आत लोकरी घालायची असेल तर एक माप मोठं घ्यावं. हे कपडे मुळात थरांवर थर चढवण्यासाठीच बेतलेले आहेत. एकच जाडजूड कोट देण्याऐवजी पातळ थर एकावर एक घालायचे, ही पद्धत अमेरिकी लष्कराने १९४३ च्या फील्ड जॅकेटपासून रीतसर स्वीकारली, आणि आज ट्रेकच्या प्रत्येक यादीत ती आपलीच असल्यासारखी असते.

भारतीय कपड्यांवर आतल्या बाजूला शाईचा ठसा असतो: कारखान्याचं संक्षिप्त नाव, साल, मापाचा आकडा. शाहजहानपूर आणि अवाडी इथले कपड्यांचे कारखाने आणि कानपूरचा साहित्याचा कारखाना हे यातले मुख्य. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळाचे सात तुकडे झाले आणि हे कारखाने ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’ या कंपनीत गेले, त्यामुळे त्यानंतरच्या मालावरचं नाव वेगळं. जुन्या पिढीतली माणसं लष्करी उरल्यासुरल्या मालाला ‘डिस्पोजल’चा माल म्हणत. हा शब्द ज्या सरकारी खात्याच्या नावातला, ते पुरवठा आणि विल्हेवाट अशा दोन्ही कामांसाठी होतं आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं.

नकलेबद्दल दोन शब्द, कारण त्याची धास्ती लोकांना उगाच जास्त असते. एम-६५ सारख्या कपड्याच्या बाजारात तीन प्रकारचे भाऊबंद फिरतात. अल्फा इंडस्ट्रीजसारख्या कंपनीने लष्करासाठीही कंत्राटावर शिवलं आणि बाजारासाठीही. बाजारातल्यावर कंत्राट क्रमांक नसतो. जपानमध्ये बझ रिक्सन्ससारखी मंडळी जुन्या कपड्याची धाग्यागणिक प्रतिकृती करतात, लेबलाच्या ठेवणीसकट, आणि ती मूळ कपड्यापेक्षा महाग विकतात. तिला फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल. तिसरा प्रकार म्हणजे फॅशनवाल्यांची नक्कल, जिला खांद्यावर पट्ट्या आणि छातीवर कुठल्यातरी पलटणीचं कापडी चिन्ह असतं आणि कापड साधं सुती नाहीतर निव्वळ पॉलिएस्टर. चेनवरून साल ओळखायची हौस पुष्कळांना असते. सुरुवातीच्या एम-६५ ला ॲल्युमिनियमची चेन, पुढे पितळेची, आणखी पुढे प्लास्टिकची, हे खरं. टॅलन, स्कोव्हिल, कॉनमार ही नावं दिसली की चेन अमेरिकी हेही खरं. पण चेन हा कपड्याचा सगळ्यात आधी मोडणारा भाग आणि शिंपी ती बदलतो. तिच्यावर पुरावा म्हणून विसंबू नये. डोंगरात वापरायचं असेल तर खरं-खोटं ठरवण्यापेक्षा कापड काय आहे ते पाहावं.

विणीतला गुण म्हणजे काय, याचं सर्वांत उत्तम उदाहरण व्हेंटाइल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जवसाच्या धाग्याचा तुटवडा पडला. आगीच्या बंबांचे पाइप त्याचे विणत. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने लांब धाग्याच्या कापसापासून इतकं घट्ट कापड विणलं की ओलं होताच धागे फुगून मधली छिद्रं बुजवत आणि पाणी अडे. पुढे आर्क्टिक समुद्रातल्या ताफ्यांवरच्या वैमानिकांच्या सुटांसाठी ते वापरलं गेलं, कारण त्या पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत गारठून मरे. यात लेप हे मुख्य अंग नाही. आजही जुना व्हेंटाइलचा अंगरखा मिळाला, त्याला भोकं नसली, तर तो आपलं काम करतो. फक्त भिजला की ताठर आणि जड होतो.

एम-६५ चं कापड निराळ्या जातीचं: नायलॉन आणि कापूस निम्मे-निम्मे, सॅटीन विणीचं. त्याला जलरोधक द्रव्याचा हात दिलेला असे. तो केव्हाच उडालेला असतो. पण वारा अडवणं, ओरखड्यांना दाद न देणं, ठिणगीने चटकन न वितळणं हे गुण विणीतले, आणि ते शाबूत असतात. जर्मन सैन्याच्या जुन्या जाड मोलस्किन सुती पँटी आणि अंगरखेही याच जातीचे. करवंदीच्या जाळीतून, घाणेरीच्या रानातून वाट काढायची असेल तर आजच्या हलक्या ट्रेक-पँटीपेक्षा हे कापड निःसंशय बरं. तिचा पहिल्याच काट्याने धागा ओढला जातो.

लोकर हा तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात किफायती प्रकार. स्वीडिश आणि स्विस ब्लँकेटं, ब्रिटिशांचे खांद्या-कोपरांवर कापडी ठिगळं असलेले स्वेटर आणि त्याच घाटाच्या आपल्या सैन्याच्या ऑलिव्ह जर्स्या, अंगोला शर्ट. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. सह्याद्रीतल्या माणसाला हे शिकवायला नको. धनगर भर पावसात घोंगडी डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे हिंडतो ते याच भरवशावर. लष्करी लोकरीत ओळखीचा शत्रू एकच, कसर. उजेडासमोर धरून कापड पाहावं, काखा आणि कॉलरखाली आधी.

आता लेपाकडे येऊ, कारण फसवणूक इथे होते. नायलॉनला आतून पॉलियुरेथेनचा लेप देऊन पाणी अडवायची पद्धत गेल्या अर्धशतकात सगळ्या सैन्यांनी वापरली: रेनकोट, पाँचो, पाठपिशव्या, तंबूंचे तळ. हवेतल्या बाष्पाने या लेपाचे रेणू हळूहळू तुटतात. आधी तो किंचित चिकट होतो, मग आंबूस वास येतो, मग पापुद्रे सुटतात. कोरड्या थंड हवेच्या गोदामात हे व्हायला पुष्कळ वर्षं लागतात; कोकणपट्टीतल्या कपाटात फार लवकर होतं. म्हणून परदेशातून नातेवाइकाने आणलेला, तिथे ठणठणीत असलेला रेनकोट रत्नागिरीत दोनतीन पावसाळ्यांत हाताला चिकटू लागला तर त्या बिचाऱ्याला बोल लावू नये. याला दुरुस्ती नाही. कुणी वरून फवारे मारून तो जिवंत करायचं सांगेल. सुटलेल्या लेपावर फवारा बसत नाही.

पडद्याचे कपडे, म्हणजे गोर-टेक्स, त्याहून थोडे नशीबवान. ताणलेल्या टेफ्लॉनचा हा पडदा १९७६ पासून कपड्यांत आला आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अतिथंड हवामानाच्या संचातला पारका त्याचाच होता, हिरव्या-तपकिरी जंगली छपाईचा. हा आज जगभरच्या बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा लष्करी रेनकोट असावा. घेताना तो उलटा करावा. शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी असते. ती कोपऱ्यांतून सुटली असेल, तिथे बोट घालता येत असेल, तर किंमत निम्मी समजावी. कापड आणि पडदा एकमेकांपासून सुटून फुगे आले असतील तर हातही लावू नये. पाण्याची परीक्षा दुकानदाराला चालत असेल तर खांद्यावरच्या कापडाचा खोलगा करून त्यात बाटलीतलं पाणी ओतावं, खाली रुमाल धरावा, पाच मिनिटं गप्पा माराव्या. रुमाल कोरडा आणि वरचं कापड चिंब असेल तर पडदा जिवंत आहे, फक्त बाहेरचा पाणी झटकणारा थर गेला आहे. तो परत देता येतो. रुमाल ओला झाला तर विषय संपला.

बुटांचंही असंच. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांचे तळवे सडले ते पाणी शिरणाऱ्या, रबरी तळाच्या आखूड डीएमएस बुटांमुळे, आणि त्यानंतर त्यांच्या जागी उंच बूट आले. पण त्याच प्रकारचा रबरी तळ भारतात वर्षानुवर्षं टिकलेला दिसतो. रबर निदान फसवत नाही. पॉलियुरेथेनचा तळ असलेले नंतरचे बूट मात्र दहा-पंधरा वर्षं गोदामात पडले असतील तर एखाद्या उतारावर तळाचा भुगा होतो, आणि तो होतो घरापासून लांब. आपल्याकडचे कॅनव्हासचे हंटर शूज याबाबतीत सगळ्यांत प्रामाणिक: स्वस्त, भिजणारे, वाळणारे, आणि फाटतात ते आधी सांगून.

काही वस्तू मात्र ओळखून बाजूलाच ठेवाव्यात. रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणारे ब्रिटिश अंगरखे साध्या वाराबंद स्मॉकसारखे दिसतात, पण त्यांच्या आत कोळशाचा थर असतो. ते एकदाच वापरायला बनवलेले आहेत, घामाने अंग काळं होतं आणि धुतले की उपयोग संपतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी कपड्यांपैकी काहींना वायुहल्ल्याच्या भीतीने रसायनाचा हात दिलेला असे. नॉर्मंडीत उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांचे गणवेश तसेच होते. असा कपडा चुकून मिळालाच तर तो संग्रहालयाचा, तुमच्या पाठपिशवीचा नव्हे. अलीकडच्या अमेरिकी गणवेशांच्या लेबलावर परमेथ्रिन लिहिलेलं दिसतं. ते डास आणि गोचिडांसाठी कापडात मुरवलेलं कीटकनाशक. सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि पलीकडे गोव्यात सत्तरीला माकडतापाची साथ गोचिडांतूनच पसरली, त्यामुळे या लेबलाने तिकडच्या भटक्यांचे कान टवकारणं साहजिक आहे. पण त्याचा असर धुण्यागणिक कमी होतो, आणि जुना कपडा किती वेळा धुतला हे कुणालाच ठाऊक नसतं. मोजे वर ओढणं आणि घरी आल्यावर अंग तपासणं हेच खरं.

मग सह्याद्रीत या कपड्यांचं काय करायचं? पावसाळ्यात एम-६५ घालून राजमाचीला जाणाऱ्याची कीव येते. निम्मा कापूस असलेला हा कोट भिजला की वाळत नाही, खांद्यावर ओझं होतो आणि पुढच्या सकाळीही तसाच असतो. हवामान उष्ण-दमट, चढ खडा, घाम बाहेरच्या पावसाइतकाच; लष्करी रेनकोट इथे आतूनच ओला होतो. पावसाळ्यात लष्करी मालातला उपयोगी नग म्हणजे पाँचो, तोही लेप शाबूत असेल तर, कारण त्याखालून हवा खेळते आणि कडेला कड्या असल्याने रात्री चार दोऱ्या बांधून त्याचं छप्पर होतं. याउलट डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या वाऱ्यात, रतनगडाच्या गुहेत, शेकोटीशेजारी बसताना जुनं फील्ड जर्किन आणि आत लोकरी स्वेटर याला तोड नाही. फ्लीसच्या जॅकेटला ठिणगी लागली की भोक पडतं. या जर्किनवर नुसता काळा ठिपका पडतो. व्हिएतनामसाठी बनवलेलं पाँचोचं अस्तर, म्हणजे पातळ नायलॉनच्या दोन थरांत पॉलिएस्टर भरलेली गोधडी, ही आपल्या हिवाळ्यासाठी जणू मापून केलेली वस्तू आहे. हिमालयात मात्र उत्साह आवरावा. लष्करी सामान जड असतं, आणि ते वाहायला सैनिकामागे गाड्या, खेचरं आणि विमानं असतात.

देखभालीची कलमं फार नाहीत. घरात आणण्याआधी कडक उन्हात दोन दिवस. लोकरी कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, म्हणजे कसरीची अंडी मरतात. डांबराच्या गोळ्यांचा वास पुढे सहा महिने तंबूत सोबत करतो. लोकर धुवायला गार पाणी आणि रिठा पुरेत, पिळायची नाही, दोरीवर लटकवायची नाही, आडवी वाळवायची. छापील कापडाला नीळ, खार आणि ‘जास्त पांढरं’ करणाऱ्या पावडरी टाळाव्यात. सुती अंगरख्याला मेणाचा हात घरी देता येतो. गोर-टेक्सला सौम्य साबणाने धुऊन, बाजारात मिळणारं जलरोधक लावून, कोमट इस्त्री वरून फिरवली की पाणी पुन्हा थेंब होऊन घसरतं. रंगवायचं असेल तर एक गंमत लक्षात ठेवावी: नायलॉन-सुती कापड रंग घेतं, पण शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो घेत नाही, त्यामुळे काळ्या केलेल्या जर्किनवर सगळ्या टीपा जुन्या हिरव्या रंगात आखलेल्या दिसतात.

रंगवण्याचा प्रश्न आपल्याकडे नुसत्या हौसेचा राहत नाही. सैनिक आहोत असं भासवण्याच्या हेतूने सैनिकी पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हेच कलम १४० होतं. हेतू महत्त्वाचा, हे खरं, पण नाक्यावर उभ्या शिपायापुढे हेतू सिद्ध करत बसण्यात सुट्टी जाते. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्कराने लोकांना लढाऊ छपाईचे कपडे घालू नका, विकू नका असं आवाहन केलं. १५ जानेवारी २०२२ ला दाखवलेल्या नव्या गणवेशाच्या छपाईचे हक्क लष्कराने स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. छावण्यांच्या गावांतल्या दुकानांत, दिल्लीच्या गोपीनाथ बाजारासारख्या ठिकाणी जे मिळतं ते बहुतेक उरलेलं नसून सैनिकांनी पदरमोड करून घ्यायचं नवंच सामान असतं. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद या बेटांवर तर सामान्य माणसाला छापील लष्करी कपडा घालायचीच बंदी आहे, पर्यटकालासुद्धा. आणि आपल्याच राज्यात गडचिरोलीकडे जंगल पाहायला जाणार असाल तर छापील कपडा घालू नये, कारण सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाचे जवान तो घालतात, आणि साधा ऑलिव्ह हिरवाही नको, कारण नक्षलवाद्यांनी वर्षानुवर्षं तो घातला आहे. तपकिरी, करडा, निळा, काहीही चालेल.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरणाऱ्याला एवढं माहीत असलं तरी पुष्कळ. तिथे खरा लष्करी नग शंभरात एखादा. बाकी ढीग परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचा, ज्याची मोठी वर्गवारी कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात होते. त्यातल्या मेलेल्या कपड्यांतूनही काही घेण्यासारखं असतं: जुन्या अमेरिकी पितळी चेना, जाड बटणं, कमरेच्या पट्ट्या. फाटलेल्या नायलॉन-सुती पँटीच्या पायांपासून पोटरीवरची गेटर्स होतात आणि उरलेल्या तुकड्यांची ठिगळं दुसऱ्या पँटीच्या गुडघ्यांना बसतात. लेप सुटलेल्या पिशवीच्या कड्या आणि बकलं कापून घेतली की बाकी फेकून देता येतं. लोकर मात्र फेकू नये. कसरीने चाळण केलेला कोटसुद्धा भंगारवाला घेतो, तो पानिपतला जातो, तिथे फाडून त्याचा पुन्हा धागा होतो आणि त्या धाग्याची ब्लँकेटं विणली जातात.